मातीचे कोट आणि त्यांचे राखणदार

आयर्लंडच्या मोजणीखात्याने मैलाला सहा इंच या प्रमाणावर तयार केलेले आणि १८३३ ते १८४६ या वर्षांत परगण्यापरगण्याने प्रसिद्ध झालेले जुने नकाशे मेजावर पसरून पाहावेत, तर शेतांचे बांध, ओढे, पाणंदी आणि चर्चांची आवारे यांची जी दाट वीण त्या कागदावर उतरली आहे, तिच्यात जागोजाग, कधी एखाद्या शेताच्या ऐन मध्यभागी, तर कधी दोन शेतांच्या सरळ बांधाला आपल्याभोवती वळसा घ्यायला लावून, बारीक रेघांच्या झालरीने काढलेले एक लहानसे वर्तुळ दिसते, आणि त्याच्या शेजारी ‘फोर्ट’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. मॅथ्यू स्टाउट या संशोधकाने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द आयरिश रिंगफोर्ट’ या ग्रंथात संपूर्ण बेटावर अशा स्थळांची संख्या ४५,००० च्या घरात जाते असे मांडले आहे. आयर्लंडचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एकतृतीयांशाहूनही कमी, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते: सरासरीने दोन चौरस किलोमीटरांहूनही कमी जागेत एक कोट. युरोपात इतक्या दाटीने, इतक्या जुन्या काळातील सामान्य माणसांची घरठिकाणे जमिनीवर उघड्या डोळ्यांनी दिसावीत असे प्रदेश फार थोडे असतील.

किल्ला हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या मनश्चक्षूंपुढे कडे, तट, बुरूज, दारूकोठार आणि सरनोबत-हवालदारांचा राबता उभा राहतो. ते चित्र येथे बाजूला ठेवले पाहिजे, आणि त्याऐवजी देशावरच्या एखाद्या गावातील देशमुखाची मातीची गढी, तीही बरीच लहान करून, आठवली पाहिजे. कारण आयर्लंडातील हे कोट फौजेसाठी बांधलेले नव्हते, ती एकेका कुटुंबाची वस्तीची जागा होती. आतील व्यास बहुधा वीस ते पंचेचाळीस मीटर, साधारणतः तीसच्या आसपास. भोवती खंदक, त्या खंदकातून उपसलेली माती आतल्या अंगाला रचून केलेला गोल तट, त्या तटावर बहुधा लाकडी मेढेकोट किंवा काटेरी कुंपण, आणि पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे तोंड करून ठेवलेले एकच प्रवेशद्वार, ज्याच्यासमोर खंदक न खणता मातीची अरुंद वाट तशीच राखलेली असे. माती असेल तेथे राथ किंवा लिस, आणि पश्चिमेकडील खडकाळ मुलखात, जेथे खणायला मातीच नाही, तेथे सुक्या दगडांच्या रचणीचे कॅशेल किंवा काहेर. रॅथमाइन्स, लिस्मोर, लिस्डूनव्हार्ना, काहेरसिव्हीन अशी जी शेकडो ग्रामनामे आजही पत्त्यांवर लिहिली जातात, त्यांच्यात हे कोट घर करून राहिले आहेत. बहुतेक राथ एकाच तटाचे आहेत. दोन तटांचे थोडे, आणि तीन तटांचे अगदी विरळा. त्यांपैकी बहुसंख्य इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आरंभापासून नवव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या काळात बांधले व वापरले गेले.

त्या तटांच्या आत राहणाऱ्या माणसांविषयी आपण केवळ तर्क करीत बसण्याची गरज नाही, हे आयर्लंडचे मोठे भाग्य. युरोपातील अन्य कित्येक देशांत त्या शतकांचा सामान्य शेतकरी मुका आहे. आयर्लंडात मात्र प्राचीन आयरिश भाषेतील धर्मशास्त्री पंडितांनी कायद्याचे ग्रंथ रचले, आणि त्यांत समाजाच्या प्रत्येक पायरीवरील माणसाचा दर्जा, त्याची मिळकत आणि त्याच्या अब्रूची किंमत इतक्या बारकाईने नोंदवली की एखाद्या दक्ष कारकुनाने घराची झडती घेऊन पंचनामा लिहावा. इसवी सन ७०० च्या सुमारास रचलेल्या ‘क्रीथ गाब्लाख’ या ग्रंथात बोआरे, म्हणजे गोधन बाळगणारा स्वतंत्र शेतकरी, त्यातही मातब्बर असेल तर त्याच्यापाशी काय काय असावे, याची यादीच आली आहे. घर सत्तावीस फुटांचे, त्याला जोडलेली पडवी पंधरा फुटांची, गिरणीत वाटा, धान्य वाळवण्याची भट्टी, कोठार, मेंढवाडा, वासरांचा वाडा, डुकरांचा खुराडा. वीस गाई, दोन वळू, सहा बैल. वीस डुकरे, वीस मेंढ्या, घरी पोसलेले चार नर डुक्कर आणि दोन माद्या. स्वारीचा एक घोडा, आणि त्या घोड्याच्या लगामावर मिनाकाम केलेले. शिवाय घरात कायम तीन पोती भरलेली असली पाहिजेत: एक मोड आणून वाळवलेल्या सातूचे, एक समुद्राच्या मिठाचे, म्हणजे गुरू मारले की मांसाला लावायला, आणि एक कोळशाचे, लोखंडी अवजारे घडवायला. तेराशे वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याच्या घरी मिठाचे पोते कशासाठी ठेवलेले असे, हे आपल्याला ठाऊक असावे, यापरते इतिहासाचे औदार्य काय असू शकते!

या समाजात नाणे नव्हते. संपत्ती मोजायची ती दुभत्या गाईंवर. धनी आपल्या कुळाला गाई द्यायचा आणि कूळ त्याच्या बदल्यात दरसाल ठरलेले अन्न, सातूची दारू, वासरू आणि अंगमेहनत देत राहायचे. ही अंगमेहनत म्हणजे खणायची माती. तोच ग्रंथ राजाच्या कोटाची मोजमापे देतो, प्रत्येक बाजूने १४० फूट, तटाची जाडी सात फूट, खोली बारा फूट; आणि त्याचा अभिप्राय असा की कुळांनी वेठीने खणलेल्या खंदकांचा वेढा ज्याच्या घराभोवती आहे, तोच राजा म्हणवून घेण्यास पात्र. म्हणून दोन-तीन तटांचा राथ पाहिला की त्याचा अर्थ शत्रूचे भय तिप्पट होते असा सहसा लावू नये. तिसरा तट खणण्यास हुकूम करता येतील इतकी माणसे त्या घरधन्याच्या हाताखाली होती, असाच त्याचा मुख्य अर्थ. गुरे पळवण्याचे छापे त्या काळी नित्याचे होते, रानात लांडगे होते, आणि रात्री वासरे-मेंढरे तटाच्या आत घेऊन द्वार लावून घेणे हा शहाणपणाचा व्यवहार होता. परंतु एखाद्या फौजेला थोपवून धरण्याची ताकद त्या मातीत नव्हती, आणि बांधणाऱ्यांनाही तशी अपेक्षा नसावी. घराचे खरे संरक्षण कायद्यानेच केलेले होते. प्रत्येक स्वतंत्र माणसाच्या घराभोवती एक अभयक्षेत्र मानलेले असे. त्याची मर्यादा भालाफेकीच्या अंतराने मोजीत, आणि दर्जा एकेका पायरीने चढला की ते अंतर दुप्पट होई. त्या मर्यादेत कोणी कोणाला इजा केली, तर ती घरधन्याची बेअब्रू समजून त्याला नुकसानभरपाई द्यावी लागे. आजच्या पुरातत्त्वखात्याला स्मारकाभोवती राखीव पट्टा आखताना जी कल्पना सुचते, ती या भूमीत, याच घरांभोवती, अशी पूर्वीच वावरलेली आहे.

कायद्याच्या ग्रंथांनी सांगितलेले घर प्रत्यक्षात कसे होते, याचे उत्तर अँट्रिम परगण्यातील ग्लेनार्मच्या खोऱ्यात मिळाले. डिअर पार्क फार्म्स नावाच्या ठिकाणी एक उंच, माथ्यावर सपाट असलेला मातीचा ढिगारा होता; शेतीच्या सुधारणेसाठी तो काढून टाकण्याचे ठरल्यामुळे १९८४ ते १९८७ या वर्षांत क्रिस लिन यांच्या देखरेखीखाली त्याचे उत्खनन झाले. एकाच राथमध्ये पिढ्यान् पिढ्या घरे पाडून त्यांच्यावर नवी घरे रचली गेली होती, जमीन उंचावत गेली होती, आणि तळाशी पाणी साचून राहिल्यामुळे, हवा न लागल्याने, एरवी पन्नास वर्षांत कुजून जाणाऱ्या वस्तू तेथे तेराशे वर्षे टिकून राहिल्या होत्या. हेझलच्या कोवळ्या फांद्यांच्या कुडाच्या गोल भिंती पडल्या तशा आडव्या सापडल्या. भिंती दुहेरी होत्या, आणि दोन कुडांच्या मधल्या फटीत गवत-पाला ठासून भरलेला होता, म्हणजे उत्तरेचा वारा आत येऊ नये. विणकाम इतके नीटस की फांद्यांची टोके आतल्या बाजूस येऊ दिलेली नव्हती, अंग घासले तर ओरखडा उठू नये म्हणून. मधोमध दगडांची चूल, भिंतीला लागून डहाळ्या-काटक्यांच्या बिछान्याच्या जागा, आणि एका दाराच्या ओकच्या चौकटीचे लाकूड इसवी सन ६४८ मध्ये तोडलेले, हे त्या लाकडाच्या वार्षिक वलयांवरून निश्चित करता आले. कीटकशास्त्रज्ञांनी तेथील माती चाळली, तेव्हा माणसांच्या अंगावरच्या उवा आणि पिसवाही मिळाल्या. निळा रंग देणाऱ्या वोड या वनस्पतीचे अवशेष, चामड्याचे जोडे, लाकडी भांड्यांचे तुकडे हे सारे मिळाले. राजेरजवाड्यांच्या सुवर्णपात्रांनी भरलेल्या दालनापेक्षा या काटक्यांच्या बिछान्यापाशी अधिक वेळ उभे राहावे असे मला वाटते, कारण त्या बेटावरील बहुसंख्य माणसे जन्मली आणि मेली ती अशाच बिछान्यांवर.

याचा अर्थ राथांत केवळ शेणमाती होती असा नव्हे. कॉर्क परगण्यातील गॅरेन्स येथील तीन तटांच्या विस्तीर्ण कोटाचे शॉन पी. ओ रीअरडॉन यांनी १९३७ साली उत्खनन केले, तेव्हा तेथे ब्राँझ वितळवण्याच्या मुशी, मिना आणि रंगीत काचेच्या कांड्या, आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरून आलेल्या मद्य-तेलाच्या रांजणांच्या खापऱ्या निघाल्या. रोमचे साम्राज्य जेथे कधी पोहोचले नाही, त्या बेटाच्या दक्षिण टोकाशी एका मातीच्या वर्तुळात भूमध्य सागराचे मद्य पोहोचत होते, ही साधी गोष्ट नव्हे. त्याच परगण्यातील गॅरीडफ येथे एम. जे. ओकेली यांना मिळालेला सोन्याचा पक्षी तर बोटाच्या पेरावर बसेल एवढाच आहे, पण त्याच्या पिसांवरील तारकाम पाहण्यासाठी भिंग हाती घ्यावे लागते. पुढल्या शतकांत कित्येक राथांच्या पोटात दगडांनी बांधलेली भुयारे आली; वाकून, कधी सरपटत जाण्याजोगी, मध्येच मुद्दाम चिंचोळी केलेली, म्हणजे आत घुसणारा माणूस एकेकटाच यावा. त्यांत दुधदुभते आणि धान्य थंड राहत असे, आणि छापा आला तर बायकामुले लपत. केरी परगण्यात डनलोजवळच्या एका भुयाराच्या छतासाठी तर ओघम लिपीत नावे कोरलेले जुने स्मृतिस्तंभ आडवे टाकलेले होते. पूर्वजांच्या नावांचे दगड छताला वापरणाऱ्या त्या माणसाला ती लिपी वाचता येत होती की नाही, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मग ही घरे ओस पडली. दहाव्या-अकराव्या शतकांनंतर नवे राथ बांधणे बहुतेक थांबले. समाजाची घडी बदलली, गाईंच्या हिशोबाची जागा हळूहळू जमिनीच्या आणि धान्याच्या हिशोबाने घेतली, पुढे ११६९ नंतर नॉर्मन आले आणि त्यांनी काही राथांवर माती चढवून आपल्या गढ्या केल्या. काही कोटांत वस्ती पुढेही टिकली. पण सर्वसाधारणपणे ती वर्तुळे रिकामी झाली, आणि त्या रिकामेपणात ती तगली, हेच आश्चर्य आहे. कारण आयर्लंडच्या शेतकऱ्याला जमिनीचा कधीच सुकाळ नव्हता. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत तर खंडाच्या ओझ्याखाली दबलेल्या कुळांनी डोंगरउतारावरच्या खडकाळ पट्ट्या बटाट्यासाठी खणून काढल्या. १८४५ पासूनच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. आणि तरीही प्रत्येकाच्या शेतामध्ये, बहुधा उत्तम निचऱ्याच्या, सकस जागी, अर्ध्या-पाऊण बिघ्याचे एक वर्तुळ अस्पर्श राहिले. तो तट नांगरून बटाटे लावावेत असे भुकेल्या माणसाला सुचले नसेल काय? सुचले असेलच. पण त्याचा हात थांबला.

तो हात थांबवणारी शक्ती भीती होती. हे कोट मानवाने बांधलेले आहेत याचाच लोकांना विसर पडला होता. सुशिक्षित जमीनदार त्यांना डेन लोकांचे, म्हणजे व्हायकिंगांचे किल्ले म्हणत, जे खरे नव्हते, आणि खेडूत ते ‘भल्या मंडळीं’चे निवासस्थान समजत. या अदृश्य शेजाऱ्यांचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, घ्यायचेच तर आदराने ‘भली मंडळी’ म्हणायचे, असा दंडक. राथमधील काटेझाड तोडले की हात वाळतो, तट खणला की गुरे दगावतात, तेथील दगड घराच्या भिंतीला लावला की त्या घरात निजणाऱ्याला रात्रभर चैन पडत नाही. रात्री तेथून संगीत ऐकू येते, दिवे दिसतात. १९३७ ते १९३९ या वर्षांत आयरिश लोकसाहित्य मंडळाने प्राथमिक शाळांतील मोठ्या मुलांकडून आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून माहिती लिहवून घेतली. सुमारे ५,००० शाळांतील ५०,००० मुलांनी शाईच्या टाकाने भरलेल्या त्या वह्या उघडल्या, तर ‘आमच्या शेतातला कोट’ हा विषय पानोपानी भेटतो: कोट कोणत्या शेतात आहे, त्यावर किती झुडपे आहेत, शेजारचा कोण माणूस खणायला गेला आणि त्याचे पुढे काय झाले. मुलांनी शेतांची नावे दिली, कोटांची मापे पावलांनी मोजून दिली. जगातील कोणत्याही पुरातत्त्वखात्याला इतके चौकस आणि इतके स्वस्त पाहणीदार लाभले नसतील.

ही समजूत खोटी होती असे म्हणून तिला निकालात काढणारे विद्वान मला पटत नाहीत. समजुतीतील कथा खोट्या असतील, पण त्या समजुतीने बजावलेली चाकरी खरी आहे. जेथे सरकार नव्हते, होते तेथे ते परक्यांचे होते, आणि जमीनदाराला त्या मातीचे मोल नव्हते, तेथे हजार वर्षे एकही पहारेकरी न नेमता, एक छदामही खर्च न करता, पंचेचाळीस हजार स्थळांचे रक्षण झाले. कोणत्या कायद्याला असा अंमल बसवता आला आहे?

याच वर्तुळांशी निगडित एक गोष्ट लिहिताना लेखणी जड होते. बाप्तिस्मा होण्यापूर्वी जे मूल दगावले, त्याला कॅथलिक चर्चच्या पवित्र दफनभूमीत जागा मिळत नसे. अशा अर्भकांना बाप किंवा आजोबा, बहुधा सूर्यास्तानंतर, एखाद्या लहान खोक्यात घालून गावाच्या कडेच्या ओसाड जागी पुरून येत. आणि ही जागा पुष्कळदा जुना राथच असे. डोक्याशी एक अनगड दगड, नाव नाही, साल नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा रिवाज चालू होता, म्हणजे ज्यांची भावंडे तेथे आहेत अशी माणसे आजही हयात आहेत. राथच्या गवतात दगडांची वेडीवाकडी ओळ दिसली, तर ती सातव्या शतकाची समजू नये. ती कोणाच्या तरी आईच्या आयुष्यातली असू शकते. अशा स्थळाचे रक्षण करायचे ते कशासाठी, असे विचारणाऱ्याला एवढे उत्तर पुरे व्हावे.

लिखित दप्तराचा आरंभ झाला तो वर उल्लेखिलेल्या मोजणीने. ती मोजणी कर आकारणीसाठी होती, पण कर्नल टॉमस कोल्बी आणि टॉमस लार्कम यांनी तिच्यासोबत जॉन ओडोनोव्हन, युजीन ओकरी, जॉर्ज पेट्री यांसारखे व्यासंगी पुरुष नेमले, आणि ओडोनोव्हन गावोगाव पायी हिंडत प्रत्येक स्थळाचे नाव वृद्धांच्या तोंडून ऐकून खात्याला पत्रे धाडीत राहिले. (हिंदुस्थानच्या मोजणीशीही या कामाचा प्रत्यक्ष संबंध आहे: जॉर्ज एव्हरेस्ट रजेवर मायदेशी असताना १८२९ साली आयर्लंडात जाऊन हे काम पाहून आले, आणि परतताना कोल्बींनी योजलेल्या, उष्णतेने लांबी न बदलणाऱ्या मोजकांड्यांचा संच त्यांनी हिंदुस्थानात आणला.) आज एखादा राथ नष्ट झाला आहे हे सिद्ध करायचे तर पहिला पुरावा म्हणून हाच नकाशा पुढे करावा लागतो.

वारशाची जाणीव राजकारणात कशी उतरली, याचे ठळक उदाहरण मात्र तारा टेकडीचे. तेथील ‘राथ ऑफ द सिनड्स’ हे स्थळ या लेखातील शेतकऱ्यांच्या कोटांहून पुरातन आहे. पण १८९९ ते १९०२ या काळात, इंग्रज हे इस्राएलच्या हरवलेल्या वंशांचे वारस आहेत अशी श्रद्धा असलेल्या एका मंडळाने, बायबलमधील कराराची पेटी तेथे पुरलेली आहे असे मानून, फावड्या-कुदळींनी ते खणून काढले. डग्लस हाइड, जॉर्ज मूर आणि कवी विल्यम बटलर येट्स यांनी ‘टाइम्स’ पत्राकडे निषेध धाडला. आर्थर ग्रिफिथ आणि मॉड गॉन यांनीही आवाज उठवला. पेटी मिळाली नाही, तटांची मात्र भरून न येणारी हानी झाली. स्वतंत्र आयर्लंडला पुरातन स्थळांचा कायदा का हवासा वाटला, याची एक वाट या टेकडीवरून जाते.

तो कायदा १९३० साली झाला. पण त्याच्या आधीच एक मोठे स्थित्यंतर घडून गेले होते. १८८१ आणि १९०३ च्या जमीन कायद्यांनंतर जमीनदारी मोडत गेली आणि कूळ मालक झाले. म्हणजे देशातील जवळजवळ प्रत्येक राथ एका खासगी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यात, आपल्या भाषेत बोलायचे तर, जाऊन बसला. जोवर भय होते तोवर या मालकीने बिघडले नाही. पुढे १९४९ साली कृषिमंत्री जेम्स डिलन यांनी जमीनसुधारणेची मोठी योजना काढली, पाणथळ जमिनी निचरा करून लागवडीस आणण्यासाठी अनुदाने मिळू लागली, आणि त्याच सुमारास बुलडोझर आला. १९७३ मध्ये आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाल्यावर दुधाला आणि मांसाला भाव आला, शेते मोठी करण्याची घाई झाली, बांध मोडले गेले. फावड्याने तट खणायला महिना लागे, आणि त्या महिन्यात शेजारीपाजारी, घरची म्हातारी, स्वतःचे मन, कोणी ना कोणी आड येई. यंत्राला एक दुपार पुरते. जे हजार वर्षांत झाले नाही ते तीस-चाळीस वर्षांत झाले, आणि हजारो राथ असे नाहीसे झाले की त्यांची खूण आता विमानातून, कोरड्या उन्हाळ्यात, पिकाच्या रंगातील फरकावरूनच कळते.

कायद्याने आपला पवित्रा नंतर कडक केला. १९८७ च्या दुरुस्तीने परवान्यावाचून धातुशोधक यंत्र घेऊन पुरातन वस्तू हुडकण्यास बंदी केली. १९९४ च्या दुरुस्तीने सर्व ज्ञात स्थळांची परगणावार यादी व नकाशे तयार करण्याची आणि अशा स्थळी काहीही काम करायचे तर मंत्र्यांना दोन महिने आधी लेखी सूचना देण्याची सक्ती केली. उत्तर आयर्लंडात १९९५ चा स्वतंत्र आदेश लागू आहे. २०२३ साली जुने सर्व कायदे एकत्र करून नवा कायदा संमत झाला असून त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने होत आहे. त्यातील महत्त्वाची सुधारणा अशी की नव्याने उजेडात येणाऱ्या स्थळालाही संरक्षण मिळावे, यादीत नाव चढेपर्यंत ते उघडे पडू नये. शिक्षाही झाल्या आहेत. केरी परगण्यात एका भूधारकाने २००८ साली एक राथ आणि त्याखालचे भुयार यंत्राने जमीनदोस्त केले, त्याबद्दल २०१२ मध्ये त्याला न्यायालयाने २५,००० युरोंचा दंड ठोठावला. त्या दंडाची बातमी परगण्यापरगण्यांत वाचली गेली, ते योग्यच झाले. पण दंडाने राथ परत येत नाही, आणि दर पावसाळी सकाळी प्रत्येक शेतावर निरीक्षक उभा राहू शकत नाही.

माझे मत असे की या कोटांचे भवितव्य दिवाणी-फौजदारी कलमांपेक्षा शेतकऱ्याच्या रोजच्या लहान लहान निर्णयांवर अवलंबून आहे, आणि सरकारने पैसा घालायचा तो तेथेच घातला पाहिजे. राथ मरतो तो नेहमी बुलडोझरने मरतो असे नाही. पाण्याचे डोण किंवा चाऱ्याची गव्हाण तटाला टेकून ठेवली, की गुरांच्या खुरांनी एका ओल्या हिवाळ्यात तटाचा उतार चिखल होऊन खंदकात जातो. ब्लॅकथॉर्नची जाळी माजली की मुळे आतील चुलीच्या थरांपर्यंत पोहोचतात. ती जाळी उपटून काढली तर नुकसान दुप्पट, म्हणून ती बुंध्याशी छाटायची आणि मुळे जागीच कुजू द्यायची, असा जाणकारांचा सल्ला आहे. ससे आणि बिज्जू बिळे करतात. नांगर दरवर्षी वीतभर आत सरकतो. जड गाईंऐवजी मेंढ्या किंवा वासरे थोडी थोडी चरू दिली, तर गवत आखूड राहते आणि माती धरून राहते. १९९४ नंतरच्या पर्यावरण-अनुदान योजनांत पुरातन स्थळांची जपणूक हे शेतकऱ्याचे मोबदल्यास पात्र काम ठरले, पुढील योजनांतही ते राहिले, आणि २०२० पासून सामुदायिक स्मारकनिधीतूनही डागडुजीला साहाय्य मिळते. रॉसकॉमनमधील राथक्रोहन या प्राचीन राजपीठाच्या परिसरात तर शेतकऱ्यांना सोबत घेऊन स्मारके सांभाळण्याचा प्रकल्पच राबवला गेला. अशा कामांना जो पैसा मिळतो तो अपुरा आहे, असे मी स्पष्ट म्हणेन. हजार वर्षे फुकट राखण केलेल्या वर्गाला आता त्याची मजुरी देणे हे उपकार नव्हेत, थकबाकीची फेड आहे.

आणि जुने भय अगदीच निमाले आहे असेही नाही. क्लेअर परगण्यात लाटून येथे १९९९ साली नवा हमरस्ता एका एकट्या हॉथॉर्नच्या झुडपावरून जाणार होता. ते झुडूप भल्या मंडळींचे आहे असे लोककथासंग्राहक एडी लेनिहान यांनी वृत्तपत्रांतून सांगितले, आणि अखेर झुडूप राखून रस्ता नेण्यात आला. आजही असे शेतकरी भेटतात की भुताखेतांवर विश्वास नाही म्हणतील, पण आपल्या कोटावर यंत्र घालणार नाहीत. विचारले तर एवढेच सांगतात की वडिलांनी घातले नाही. वारसा जपण्याचे याहून बळकट कारण कोणत्याही खात्याच्या परिपत्रकात मला आढळले नाही.

नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने डब्लिन, कॉर्क, गॉलवे येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आता थोडी नाहीत. त्यांना एक विनंती आहे. राष्ट्रीय स्मारक विभागाचा नकाशा संगणकावर सर्वांना मोफत पाहता येतो. आपण राहता त्या गावाच्या परिसरात लाल ठिपके शोधा, बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर एखादा राथ असेलच. वेक्सफर्डजवळ फेरीकॅरिग येथील उद्यानात राथची प्रतिकृती उभारलेली आहे, मुलांना आधी तेथे न्या, म्हणजे कुडाची भिंत आणि चुलीचा धूर त्यांना कळेल. मग खऱ्या राथकडे जा. पण बहुतेक राथ खासगी शेतात आहेत आणि त्या देशात दुसऱ्याच्या शेतात शिरण्याचा कोणाला हक्क नाही, म्हणून आधी शेतकऱ्याच्या दारात जाऊन परवानगी विचारा. फाटक उघडले तसे लावून घ्या, कुत्रे नेऊ नका, तटावरून चढू-उतरू नका, द्वाराच्या जागेतूनच आत जा. दगड हलवू नका, फांदी मोडू नका, भुयाराचे तोंड दिसले तरी आत शिरू नका. आणि कोठे ताजी माती उकरलेली किंवा यंत्राची चाके उमटलेली दिसली, तर शेतकऱ्याशी वाद न घालता ठिकाण नोंदवून विभागाला कळवा.